पाणी माझ्या बापानं मारलं

माझ्या बापाची गोष्ट निघाली की अंजनगावातली म्हातारी माणसं अजून हसतात. तोंडात दात नाहीत तरी हसतात. मागच्या महिन्यात देवळापुढं बसलेल्या एकानं मला थांबवलं. म्हणाला, "काय मानूस होता तुहा बाप! अन् माय बिचारी लय भोळी. कापूस सुकंन म्हनून पानी मारे!" एवढं बोलून तो ठसका लागेपर्यंत हसला.

माझी माय भोळी नव्हती. कापसावर तिनं एक थेंब मारला नाही. पाणी माझ्या बापानं मारलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी मराठी तिसरीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणात एवढं लिहिता येतं, म्हणून लिहिते.

आमचं घराणं पानमळ्याचं. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चारी बाजूंनी दाट कूड, आत शेवरीची आणि पांगाऱ्याची झाडं ओळीनं लावलेली, आणि त्यांच्यावर चढवलेल्या नागवेली. आत भर उन्हाळ्यातही सावली आणि ओल. दाराशी वहाणा काढल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, मग तो तहसीलदार का असेना. विटाळ, सुतक, शिवीगाळ, सगळं दाराबाहेर. ज्याच्या हाताला दोष, त्याचा हात लागला तर वेल जळते, अशी समजूत. विहीर सगळ्यांची एक, ओळी मात्र घरोघरच्या वेगळ्या. आत कोणी यायचं आणि कोणी नाही हे एकटा म्हातारा ठरवी. त्याला सगळे मळ्याचा बुढा म्हणत.

खुडलेल्या पानांवर पाणी मारावं लागतं. हात भिजवायचा, बोटं सैल सोडायची आणि मनगटाला झटका द्यायचा. जास्त झालं तर पान काळं पडतं, कमी झालं तर मलूल होतं. हे काम बायकांचं, आणि मायचा हात त्यात बसलेला. पण पानवाल्या घरात वाढलेल्या पुरुषालाही ते येतंच. बाप पानांच्या टोपल्या घेऊन अमरावतीला आणि अकोल्याला बाजार करी. वाटेत थांबून थांबून पाणी मारी आणि गिऱ्हाइकाशी असा गोड बोले की शिळं पानही खपून जाई.

मी लहान असताना कापसाचं वेड आलं. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि वऱ्हाडातल्या रुईसाठी मुंबईच्या पेढ्यांचे गुमास्ते अकोल्यात येऊन बसले. लोकांनी ज्वारीच्या जागी कपाशी पेरली. बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले. ज्याला कालपर्यंत पागोटं नव्हतं तो जरीचं बांधू लागला. बापानं पानाची टोपली टाकली आणि कापसाचा दलाल झाला. अंजनगावच्या लोकांनी आपला माणूस म्हणून रुईचे बोजे त्याच्या हवाली केले. आम्ही अकोल्याला राहायला गेलो.

तिथल्या घराच्या मागं एक पडवी होती. बोजे तिथं येत आणि दुसऱ्या दिवशी तोलायला जात. एका दुपारी मी पाणी प्यायला मागं गेले तर पडवीचं दार आतून लावलेलं. फटीतून पाहिलं. बाप धोतर खोचून उभा होता. पुढं बोजे सोडलेले आणि हाताशी पाण्याचं घंगाळ. तो पानावर मारतात तसं पाणी मारत होता. बोटं सैल, मनगटाला झटका. तोंडानं गाणंही चालू होतं.

माय माझ्यामागं येऊन उभी राहिली. तिनं दार ठोठावलं नाही, लाथ मारली.

"हे काय करून राह्यले?" तिनं विचारलं.

"वजन करून राह्यलो," बाप म्हणाला आणि हसला. "पानं इकतो तव्हा पानी इकत नाही का आपन? तसंच हे."

"पान पान्यानं जगते. रुई सडते."

"सडंन तव्हा सडंन. तवरिक रुई मुंबईले जाईन. साहेबाच्या घरी सडंन, तुह्या बापाच्या घरी नाही."

"लोकाइचा माल हाय. आपल्या गावाचा."

"गावाले भाव पाह्यजे का नको? मंग गप राह्य. तू तुही भाकर पाह्य."

माय भाकर पाहायला गेली. त्याच्याशी बोलून उपयोग नसे. तो प्रत्येक बोलण्याचं हसू करी, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. पण तिनं अंजनगावला मामाकडं निरोप धाडला, की माल देऊ नका. मामानं ऐकलं. बाकीच्यांनी मामालाच वेड्यात काढलं.

रुई मुंबईपर्यंत पोचली नाही. पुढच्या खेपेचे बोजे गुमास्त्यांनी अकोल्यातच रचून ठेवले होते, ते आतून तापले. फोडून पाहिले तर मधे काळा गोळा, वाफ निघते आणि वास असा की नाकाला पदर लावावा. बोजे कुठल्या गावचे हे लपत नाही. त्या दिवसापासून अंजनगावचा माल म्हटलं की गुमास्ते हात जोडत. ज्यांनी कधी पाण्याचा थेंब टाकला नव्हता त्यांच्याही गाड्या परत फिरल्या. त्यातच ती लढाई संपली आणि भाव असा कोसळला की कापूस शिवारात तसाच राहिला. बापाचा हिस्सा मात्र भाव होता तेव्हाच विकून झाला होता. त्यानं अमरावतीला घर घेतलं.

अंजनगावचे लोक त्या घरापुढं येऊन थुंकून गेले. चांगलं केलं.

माय त्या घरात राहिली नाही. कपाळाला हात लावून रडली वगैरे नाही. कपडे बांधले आणि माहेरी गेली. मळ्याच्या बुढ्यानं दारातच विचारलं, "तुह्या नवऱ्यानं गाव बुडवलं. तू काय घेऊन आली?" ती म्हणाली, "हात घेऊन आली." बुढ्याला निरोपाची गोष्ट ठाऊक होती. त्यानं तिला आत घेतलं. मामाच्या ओळींशेजारच्या पडीक ओळी तिला दिल्या. तिच्या पोटाचा आणि इज्जतीचा आधार म्हणजे त्या ओळी. दुसरं काही नव्हतं.

मला बापानं ठेवून घेतलं. अमरावतीला मुलींची शाळा निघाली होती आणि मोठ्या घरच्या मुली तिथं जात. मला शिकवायची हौस नव्हती त्याला. आपली मुलगी शाळेत जाते हे चारचौघांत सांगायला हवं होतं. पण चारचौघंच येईनात. रस्त्यात कोणी रामराम घालेना. न्हाव्यानं तोंडावर सांगितलं, वेळ नाही. बापाला शिव्या चालत, मार चालला असता, पण आपल्याकडं पाहून लोक गप्प होतात हे त्याला सोसत नव्हतं. तोंडाशिवाय त्याच्याजवळ काही नव्हतं आणि ते ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

म्हणून त्यानं स्वतःच्या पैशानं तमाशाचा फड उभा केला.

दुसरे तमाशेवाले पोटासाठी नाचतात. हा पोट भरलेला माणूस, नाचण्यासाठी पैसा घालत होता. ढोलकीवाला आणला, तुणतुणेवाला आणला, झीलकरी आणले, बाईचं सोंग घ्यायला कारंज्याकडचा एक बाप्या आणला. मुख्य माणूस मात्र आपणच. तमाशा रात्रीचा असतो. ह्यानं दिवसा लावला, कारण मशालीच्या उजेडात आपलं तोंड नीट दिसत नाही म्हणे. घरापुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला आणि येईल त्याला जेवण. वरण, वांग्याची भाजी, पोळ्या, वर गूळ. लोक आले. का नाही येणार? पंगतीला बसले, जेवले, ढेकर दिली आणि बाप राजाचा मुकुट घालून गायला लागला तसे उठून गेले. त्याचा गळा बोक्यासारखा होता. तरी तो गात राहिला. दर बाजाराच्या दिवशी जेवण आणि गाणं, लोक जेवून पसार.

एकदा असाच तो राजा होऊन उभा होता आणि काही तरी दानधर्माचं बोलत होता. मागून कोणी तरी ओरडलं, "राजेसायेब, पानी मारा!"

सगळा मांडव हसून फुटला. उठलेले लोक परत बसले. मी माडीवरून पाहत होते. बापाचं तोंड आधी उतरलं. मग त्यानं मुकुट डोक्यावरून काढला, बोटं सैल सोडली आणि लोकांवर पाणी मारल्यासारखं केलं. लोक गडबडा लोळले. जो माणूस घरापुढं थुंकला होता तोही लोळला. बाप त्या हसण्याकडं असा पाहत होता जसं उपाशी माणूस ताटाकडं पाहतो.

तिथून त्याला वाट सापडली. त्यानं आपल्याच कापसाची बतावणी रचली. पण त्यात लबाड स्वतः झाला नाही. लबाड कोणीच नव्हता. दलाल होता भला माणूस, गावासाठी राबणारा. आणि त्याची बायको होती पानमळ्यातली, अडाणी. नवरा बाहेर गेला की ती बोज्यापाशी जाई, कापूस चाचपून पाही आणि म्हणे, "अवं माय! हे तं सुकून राह्यलं!" आणि घागर घेऊन कापसावर पाणी मारी. नवरा आला की कपाळ बडवी. ती म्हणे, "तुमी असे कसे हो? टवटवीत ठेवला म्या माल!" नवरा म्हणे, "अवं, कापूस हाय तो, पान नाही!" ती म्हणे, "मंग याले चुना कावून हाय?" कारण बापानं तिच्या तोंडी असंही घातलं होतं, की कापूस पांढरा तो चुन्यामुळं.

सांगायला लाज वाटते, पण हसू येई. मलाही पहिल्यांदा आलं. मग मी त्या बाप्याच्या अंगावरचं लुगडं पाहिलं. हिरवं, लाल काठाचं. माझ्या मायचं होतं ते. जाताना राहून गेलेलं.

बाप पडद्याआड तोंड पुसत होता तेव्हा मी गेले. म्हटलं, "बा, मायनं पानी मारलं नोतं. तू मारलं. म्या पाह्यलं."

"पाह्यलं तं पाह्यलं."

"मंग खोटं कायले दाखवून राह्यला?"

"अवं पोट्टे, खरं दाखवलं तं लोक जोडे मारतीन. खोटं दाखवलं तं हसून राह्यले. आज न्हावी सोताहून आला, पाह्यलं ना? दाढी करून गेला."

"अन् मायचं?"

"तुह्या मायले काय होते? ते कुठी अमरावतीत हाय. ते आपल्या मळ्यात सुखी हाय."

हसू बैलगाडीपेक्षा लवकर पोचतं. बाजाराला आलेल्या माणसांनी ती बतावणी अंजनगावला नेली. आधी पोरंसोरं मायला पाहून पाणी मारल्यासारखं करू लागली. मग मोठी माणसं. मग लोकांना आठवायलाच लागलं, की हो, पाणी मारणं हे तर बायकांचंच काम, त्या गड्याला काय ठाऊक! ज्यांचा माल परत आला होता त्यांना राग ठेवायला जागा हवीच होती. बापावर राग धरणं आता जड जात होतं, कारण तो जेवू घाली आणि हसवी. माय ना जेवू घाली, ना हसवी. त्याच पावसाळ्यात मळ्यात मर लागली आणि बऱ्याच ओळींतल्या वेली मुळाशी काळ्या पडल्या.

बुढ्यानं मायला दारात अडवलं. "तुह्या हाताले पान्याचा दोष हाय, बाई. बाहीर राह्य."

"तुमाले ठाव हाय कोनं मारलं ते. म्या निरोप धाडला होता."

"निरोप कोनं पाह्यला? लोक म्हनतेत ते म्या आयकलं."

मामा शेजारी उभा होता. निरोप त्यालाच आला होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिला. मामी घरातून रोज त्याला म्हणे, "तुमी बुढ्याले भेता का बह्यनीले भेता? येक कोन्तं तरी सांगा!" माय कुडाबाहेर बसून लोकांची पानं निवडू लागली आणि तिच्या ओळी आत वाळू लागल्या. हे कळलं तसं मी शाळा सोडली आणि एका पानवाल्याच्या गाडीतून अंजनगावला आले. पुढं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही.

थोड्याच दिवसांत बाप फड घेऊन गावात आला. घोडीवर बसून आला. ज्या गावानं त्याला जोडे मारायचे तेच गाव वेशीपर्यंत सामोरं गेलं. बाजाराचा दिवस, भरदुपार, अख्ख्या गावाला जेवण. बायका तमाशापुढं बसत नसत. आम्ही बायका एका भिंतीआड उभ्या होतो. मायही आली. मला वाटलं ती ऐकून परत जाईल. तो बाप्या तिचं लुगडं नेसून आला, बोज्याशी वाकला आणि म्हणाला, "अवं माय, हे तं सुकून राह्यलं!" गाव हसलं. माय भिंतीआडून निघाली आणि सरळ लोकांमधून चालत मांडवात गेली.

तिनं आधी त्या बाप्याचा पदर धरला. "हे लुगडं माह्यं हाय. सोड."

तो घाबरून मागं सरला. लोक हसले.

मग ती गावाकडं वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प झाले म्हणून ऐकू आला. "पानी यानं मारलं. पडवीचं दार लावून मारलं. म्या नाही. माह्या पोरीनं पाह्यलं."

बाप तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला फक्त हो म्हणायचं होतं. नुसती मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग लोकांकडं पाहिलं. लोक वाट पाहत होते. शांततेची त्याला आधीपासून भीती. तो दोन्ही हात वर करून म्हणाला, "पाहा गाववाले! नक्कल पुरली नाही म्हनून अस्सल आनली!"

असं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. ढोलकीवाल्यानं थाप दिली. माय तिथून परत आली तेव्हा लोकांनी तिला वाट दिली, आणि जाताना एकानं तिला शाबासकीही दिली, की चांगलं सोंग केलं बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापाच्या मुक्कामी गेले. मी तेव्हा काही मोठी नव्हते, पण हातात विळा होता आणि तो मी खाली ठेवला नाही. म्हटलं, "बुढ्याकडं चाल अन् खरं सांग. नाही तं तुही ढोलकी फाडून टाकीन."

तो आला. येताना खरंच गप्प होता. मला वाटतं त्याला रात्रभर काही तरी टोचलं असावं, पण त्याचं श्रेय मी त्याला देणार नाही. बुढा मळ्याच्या दाराशी बसला होता. बाप त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "बुढेबा, पानी म्याच मारलं होतं. तिनं नाही. तिले आत घ्या."

बुढ्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. "बस कर बाप्पा," तो डोळे पुसत म्हणाला, "काल्हपासून पोट दुखून राह्यलं माह्यं."

"खरं सांगून राह्यलो."

"हाव, हाव! काय तोंड करते लेकाचा!"

आणि मग बापानं तोंड केलं. मी शेजारी उभी होते. त्यानं भुवया वर नेल्या, ओठ लांबवले, तेच फडातलं रडवं तोंड. बुढा मागं कुडावर पडला हसून. बायकोची भाकरी, तिची इज्जत, सगळं त्या एका सुरकुतीसाठी गेलं. त्याला आवरलं नाही, असं लोक म्हणतील. मी म्हणते, त्याला आवरायचं नव्हतं. हसू मिळत असलं की त्याला दुसरं काही दिसत नसे.

तो फड घेऊन पुढच्या गावाला गेला. पुढं अमरावतीचं घर विकलं, घोडी विकली, ढोलकीवाला दुसरीकडं गेला, आणि शेवटी तो अकोल्याच्या बाजारात एकटाच तोंडं करून दाखवत मेला. लोकांनी वर्गणी काढून त्याला वाजतगाजत नेलं. माझ्या मायला सांगायला कोणी आलं नाही. बरंच झालं.

मायनं मात्र त्या सकाळनंतर कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मळ्याच्या दाराशी गेली, वहाणा काढल्या आणि बुढ्याच्या अंगावरून आत गेली. तो ओरडला. लोक जमले. ती आपल्या ओळीत बसून लव्हाळ्यानं वेली बांधत होती. "बाहीर काढा तिले," बुढा म्हणाला.

"काढा," माय म्हणाली. "मले हात लावा अन् काढा."

ज्या हाताला दोष आहे म्हणत होते त्या हाताला धरणार कोण? आणि मळ्यात भांडण करायचं नाही हा नियम त्यांचाच. सगळे मामाकडं पाहू लागले. मामा पुन्हा अंगठ्याकडं पाहू लागला. मग बुढ्यानं तिच्या ओळींकडं जाणारा पाण्याचा पाट मातीनं बुजवून टाकला. म्हणाला, "राह्य आत. वेली राह्यतीन का पाहू."

आम्ही दोघी नदीवरून घागरींनी पाणी आणायला लागलो. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. माझ्या डोक्याचे मधले केस गेले ते परत आले नाहीत. मर लागलेल्या वेली काढल्या, चांगलं बेणं निवडून लावलं. वेलींना दोष कळत नाही, पाणी कळतं. त्या जगल्या. गावात आमची पानं कोणी घेईना, म्हणून मी ती अकोल्याला नेई. तिथं कोणी पानाला जात विचारत नाही, ताजं आहे का एवढंच विचारतात.

एका सकाळी आम्ही घागरी घेऊन आलो तर मामा पाटात उभा होता. हातात फावडं. मामीनं काय सुनावलं असेल ते तीच जाणे. त्यानं बुढ्यादेखत मातीचा बांध फोडला. बुढा काठीवर हनुवटी ठेवून पाहत राहिला. पाणी आमच्या ओळीत शिरलं.

मला वाटलं माय ते पाणी घेणार नाही. मी असते तर घेतलं नसतं. तिनं घागर उतरवून ठेवली, खुरपं घेतलं आणि पाणी शेवटच्या वेलीपर्यंत नीट जावं म्हणून पाट साफ करायला बसली. माफी कोणी मागितली नाही. तिनं कोणाकडं पाहिलंही नाही. मला म्हणाली, "उभी कावून राह्यली? पल्याडून माती ओढ."